पुजलेला पंप

दिग्रस, दसऱ्यानंतरचा सोमवार

तीर्थरूप गोविंदामामा यांचे पायी भाचा अन् जावई उकंडा याचा दंडवत. मामीचा दमा कसा आहे? तुमचे गुडघे काय म्हणतात? आमची खुशाली सांगावी अशी नाही. मी जिता आहे, तुमची सत्यभामा जिती आहे, फक्त कापसाच्या जिनातला आग विझवायचा पंप मेला आहे.

गेल्या साली कापसाच्या गंजीले आग लागली, तेव्हा पंपातून पाणीच आलं नाही. दुरुस्तीच्या वेळी कोणी तरी आत चिंधी विसरलं होतं. कापूस निवडणाऱ्या मैनाबाईचा हात कोपरापर्यंत भाजला, तिले अजून पळी धरता येत नाही. म्हणून औंदा पंप खोलायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ठरवलं, आत माशीही जाऊ द्यायची नाही. जवळ येणाऱ्यानं खिसे झाडून यावं. बिडीबंडल, चुन्याची डबी, सारं बाहेर. मुनीमजीच्या सदऱ्याचं बटण लोंबून राह्यलं होतं, त्यायलेही हाकललं (तेव्हापासून ते माझा रामराम घेत नाहीत). सत्यभामा डबा घेऊन आली, तिले म्हटलं, बांगड्या काढून ये. झालं! सवाशिणीले असं बोलतात काय म्हणून तिच्या सोबतच्या रुखमाबाईनं साऱ्या बायांपुढं माझा उद्धार केला, अन् तुमची लेक दोन दिवस बोलली नाही. पंपाच्या तोंडावर मी लग्नातलं धोतर बांधलं होतं (तुमीच दिलेलं. एरवीही फाटलंच होतं, राग मानू नका).

मग आला दसरा. आमचे मालक पुंडलिकराव पोट्ट्यासोट्ट्यांसकट पंप पुजाले आले. मी पाया पडलो, म्हटलं मालक, बाहेरून पुजा. त्यायनं मी बांधलेलं धोतर सोडलं, पंपाच्या तोंडात मुठी भरभरून अक्षता अन् झेंडू घातले, अन् काठावरच नारळ फोडला! करवंटीचे तुकडे माझ्या डोळ्यांदेखत आत गेले. मले रडू आलं मामा, खरंच आलं. मालकिणीले वाटलं भक्तीनं आलं, तिनं पेढा दिला. काढायले हात घातला तर मालक खेकसले, पूजेचं उपसतोस काय? तसाच मुहूर्तावर पंप चालू करायले लावला. आत कडकड वाजलं, अन् म्हाताऱ्या बैलाच्या मुतासारखी धार आली. मालक म्हणाले, येऊन तर राह्यलं पाणी.

आता पुजलेलं यंत्र दिवाळीपर्यंत उघडायचं नाही म्हणतात. इकडे कापूस येऊन राह्यला, गंज चढून राह्यली. मी बादल्या भरून ठेवतो अन् बिडी दिसली की माणसामागं धावतो. लोक येडा म्हणतात. जेवण गोड लागत नाही.

मामीले नमस्कार.

तुमचा उकंडा

ता. क. मालक देवीले कौल लावायले तुमच्याच देवळात येतात अन् तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. पंप उघडून धुतल्याशिवाय देवी राजी नाही, असा कौल लवकर द्या. देवीची माफी मी मागतो. पण धुतल्यावर पुन्हा पूजा सांगू नका. सांगितलीच तर नारळ घरी फोडायले सांगा.

आणखी ता. क. यंत्राच्या उघड्या तोंडातच अक्षता घालाव्या, हे तुमीच सांगितलं म्हणतात मालक. मी हे सत्यभामेले बोललो नाही. त्याच गंजीपाशी दिवसभर कापूस निवडत बसते ती. म्हणते, औंदा पंप तुमच्या हातचा आहे, मले भेव नाही.