अध्यक्षांच्या कुलुपातला माझा अंगठा

पांढुर्णा, १९८६
शनिवार, दिवे लावायची वेळ

मी बोलून राहिली, सून कमल रोजच्या वहीत लिहून राहिली. पानाखाली अंगठा माझा.

आमचे हे विहाराच्या मंडळाचे अध्यक्ष होते. सभांचं रजिस्टर कुलुपात राहायचं, अध्यक्षाशिवाय कोणी पाहायचं नाही. हे गेले, तरी कुलूप राहिलंच. आज नव्या अध्यक्षानं ते सगळ्यांसमोर उघडलं. म्हणाला, आता कोणीही वाचा.

मले कुठं वाचता येते? पण एका पानावर माझा अंगठा दिसला. त्याच्यावर विळ्याचा आडवा वण आहे ना, लगेच ओळखला.

"काय लिहिलं व हे?" मी कमलले विचारलं.

ती अडखळली. "आई, ठराव आहे. अध्यक्षांच्या पत्नीने सभेत मध्ये बोलू नये. सर्वानुमते मंजूर."

अन् मंजूर करणाऱ्यांत मीच! हे तर म्हणाले होते, नव्या सतरंजीचा कागद आहे, लाव अंगठा.

सगळे हसले. मीबी हसली. पण घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. ठराव पहिल्यांदाच पाळला म्हणा! कुलूप याच्याचसाठी होतं काय? पण वीस वर्षं मी दर सभेत मध्ये बोलली, अन् त्यांनी तो कागद एकदाबी काढून दाखवला नाही. आता रागवू का नको? फोटोतला माणूस काही सांगत नाही.

कमल म्हणते, "झालं आई, लावा अंगठा."

रोज न ऐकताच लावत होती मी. आज नाही, बाई. आधी पहिल्यापासून वाचून दाखव.