डाव्या पंखाची शिवण

ती. वन्संना,

नमस्कार. वाकून करायचा म्हटला तर गुडघे आधी विचारतात, परत उठायचं कसं ते ठरवलंय का, म्हणून उभ्यानेच केलाय, तेवढा गोड मानून घ्या. तुमची तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला गेला का अजून पाहुणचार घेतोय? आणि तुमची जांभळी छत्री कशी आहे? (तिची विचारपूस राहिली की तुम्ही फुगता, म्हणून आधीच उरकून घेते.) आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. खरं विचाराल तर एक विमान पडलंय, एक जहाज बुडालंय आणि तुमच्या बंधूंनी तोंड पाडलंय.

फोन का केला नाही म्हणाल. फोनवर मी दुसऱ्या वाक्याला चढते, तुम्ही तिसऱ्याला रडता, आणि तुमचे बंधू दाराआड उभे राहून सगळं ऐकतात. पत्राला ते हात लावणार नाहीत. माझं अक्षर वाचायचं म्हणजे मुंग्यांच्या मागे धावायचं, असं त्यांचं म्हणणं. चौथीपर्यंत जे वळण लागलं ते लागलं, पुढचं सगळं मी सुईने लिहिलं. तेव्हा तुम्हीही चष्मा पुसा आणि धावा.

तर विषय बंधूंचाच. माणूस दिवसभर लिफ्टा दुरुस्त करतो, लोकांना वर पोचवतो, खाली आणतो. एवढ्या चढ-उताराने एखाद्याचं पोट भरलं असतं. ह्यांचं नाही भरलं. ह्यांना आणखी वर जायचं होतं. ह्यांनी घरी बनवलेलं ते रिमोटवर उडणारं विमान तुम्ही पाहिलेलं नाही. दाराच्या फळीएवढा लांब त्याचा पंख. माझ्या कापड बेतायच्या टेबलावर ते जन्मलं, तिथेच वाढलं, आणि तेवढे दिवस मी जमिनीवर बसून लोकांचे पडदे कापले. (कंबर तेव्हापासून गेली, ती आली नाही.) मग पुढच्या खोलीत, म्हणजे माझ्या दुकानात, छताच्या हुकाला ते टांगलं. बाई ब्लाऊजचं माप द्यायला उभी राहिली की डोक्यावर विमान. हात वर करा म्हटलं की पंखाला लागतो. एकीने तर विचारलं, हे काय, सिग्नल देतंय का? पण एक सांगते, त्या पंखांवरचं कापड माझं होतं. कोटाच्या अस्तराचं, पिवळं, झुळझुळीत. डाव्या पंखाला ते चार बोटं कमी पडलं तेव्हा मी जोड दिला, जोड दिसू नये म्हणून कडेला दुमड घातली, आणि दुमड उसवू नये म्हणून वरून दुहेरी शिवण मारली. हवेत गेलं तरी माणसाने नीट कपड्यांत जावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

आता ह्यांची मंडळी ऐका. दर रविवारी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर चार बाप्ये जमतात. एक तुमचे बंधू. दुसरे दातांचे डॉक्टर, त्यांची इवलीशी आगगाडी, खोक्यात कापूस घालून आणतात. तिसरे बँकेतले साहेब, टक्कल, गंभीर चेहरा, त्यांच्याकडे रिमोटवर चालणारं जहाज. जवळपास तळं नाही, म्हणून पोरांना आंघोळ घालायचा प्लॅस्टिकचा टब आणतात, टाकीच्या नळाने भरतात आणि त्यात हातभर जहाज गोल गोल फिरवत बसतात. (कर्ज मागायला जाणाऱ्यांनी हे एकदा बघावं, भीती जाईल.) चौथे कुलूपवाले, त्यांच्याजवळ चावी दिली की उडी मारणारा पत्र्याचा बेडूक. चौघांच्या वयाची बेरीज केली तर एखादं गाव वसेल. आणि एकमेकांच्या वस्तूला एवढासा हात लावू देणार नाहीत. "लांबून बघा हं, लांबून." अहो, लांबूनच बघायचं तर घरी बसून बघा की!

हे मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा तोंडावर बोलले. म्हटलं, पोरं बरी तुमच्यापेक्षा, पोरं भांडतात पण खेळणं देतात. तिथेच माझी जीभ मला नडली. डॉक्टरांनी ते मनावर घेतलं. ठरलं की प्रत्येकाने आपलं सगळ्यात लाडकं खेळणं एका आठवड्यासाठी दुसऱ्याच्या घरी द्यायचं. चिठ्ठ्या टाकल्या. विमान गेलं डॉक्टरांकडे, डॉक्टरांची आगगाडी आमच्याकडे, बेडूक साहेबांकडे, जहाज कुलूपवाल्यांकडे. विमान देताना तुमच्या बंधूंचा चेहरा बघायला हवा होता. मी माहेरी जायला निघते तेव्हा कधी एवढा पडलेला मला आठवत नाही. तेव्हा फक्त विचारतात, परत कधी.

आगगाडीचं काय सांगू. रूळ मांडले ते माझ्या मशीनच्या पायांमधून, टेबलाखालून, दारापर्यंत. एक गृहस्थ पँट आखूड करायला आले, मी खाली बसून टाचण्या लावतेय, आणि त्यांच्या दोन पायांमधून आगगाडी शिट्टी वाजवत गेली. रागावतील असं वाटलं. ते म्हणाले, "परत एकदा सोडता का?" दुसऱ्या दिवशी ते दुसरी पँट घेऊन आले. तिला काहीही करायचं नव्हतं, बरोब्बर मापाची होती. चांगला तासभर ती पँट हातात धरून बसले. मला मात्र ह्या पोरखेळात काडीचा रस नाही, हे तुम्ही जाणताच.

पण वन्सं, ह्या लोकांना दुसऱ्याची वस्तू जशी आहे तशी परत देताच येत नाही. ज्याच्या हाती जे गेलं, त्याने ते सुधारून आणलं! साहेबांनी बेडकाला इतकं तेल पाजलं की तो उडी मारायच्या ऐवजी घसरत जायला लागला. कुलूपवाल्यांनी जहाजाच्या झाकणाला गव्हाएवढं कुलूप बसवलं (सुंदर बसवलं, किल्ली हरवली). तुमच्या बंधूंनी आगगाडीला लिफ्टचा ब्रेक लावला, आता ती दर वळणावर हळूच थांबते, कोणी चढतंय का बघते आणि मग निघते. आणि डॉक्टरांनी? डॉक्टरांनी विमानाचं माझं कापड उचकटून काढलं, त्या जागी लाल चकचकीत प्लॅस्टिकचा कागद चिकटवला आणि त्यावर इस्त्री फिरवली. माझ्या पंखावर बाहेरच्या माणसाची इस्त्री! म्हणाले, "वहिनी, विमान डावीकडे झुकत होतं, म्हणून बदललं." मी म्हटलं, डॉक्टर, माणूसही एका कुशीवर झोपतो, म्हणून काय त्याची कातडी काढता? तुम्ही दात काढा, शिवण काढायला तुम्हाला कोणी बोलावलं? त्यांनी माझं अस्तर नीट घडी करून पिशवीत घालून आणलं होतं. तेही मला झोंबलं.

मग रविवार. मी मुद्दाम गेले, पडलेलं बघायला. (मनातलं लिहिते, तुमच्यापासून काय लपवायचं.) विमान वर गेलं, आणि काय सांगू, सरळ गेलं. ओळंबा लावल्यासारखं सरळ. डॉक्टरांनी टाळी वाजवली. आणि त्याच क्षणी विमान उजवीकडे वळलं, आणखी वळलं, सगळे ओरडले, "अहो डावीकडे, डावीकडे घ्या!", तुमच्या बंधूंचा रिमोटवरचा अंगठा काही केल्या हलेना, आणि विमान नाक खाली घालून थेट साहेबांच्या टबात. जहाज चालू होतं. बुडालं. विमानाने जहाज बुडवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही आंघोळीच्या टबात. साहेब आपल्या समुद्रासकट भिजले. विमानाचा उजवा पंख मोडला, आणि जहाजात शिरलेलं पाणी काढता येईना, कारण झाकणाला कुलूप. कुलूपवाले तिथेच गुडघ्यावर बसून तारेने उघडायला लागले, साहेब त्यांच्यावर ओरडायला लागले, डॉक्टर म्हणाले माझं काही चुकलं नाही, आणि तुमचे बंधू विमान छातीशी धरून घरी चालू लागले. मागे पाण्याची धार.

घरी आल्यावर मी धारेवर धरलं. सरळ उडणारं विमान उजवीकडे घालायला झालं काय होतं? म्हणाले, सवय. कसली सवय? तर म्हणे तीन वर्षं विमान डावीकडे ओढायचं, डाव्या पंखाला जोडाचं आणि शिवणीचं वजन जास्त, म्हणून ते सारखा अंगठ्याने उजवीकडे रेटा देऊन उडवायचे. पाच मिनिटं उडवा नाहीतर पन्नास, रेटा चालूच. विमान सरळ झालं, अंगठ्याला कळलंच नाही. मी विचारलं, मग तीन वर्षं बोलला का नाहीत? म्हणाले, "तुला वाईट वाटलं असतं." वन्सं, आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मला राग येतो हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, वाईट कधी वाटतं? त्यांच्या उजव्या अंगठ्याला घट्टा आहे. मी आजवर समजत होते की लिफ्टच्या पान्याचा. त्यावर रोज रात्री तेल चोळून देत होते. आता कळलं की माझ्याच शिवणीचा. त्या रात्री तेल जरा जास्तच चोळलं. (तुमचा विश्वास बसणार नाही, पण चोळलं.)

तर तुम्ही थोरल्या बहीण आहात, तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. त्यांना चांगलं खरमरीत पत्र घाला, की हे विमानाचं खूळ ह्या वयाला शोभत नाही, बायकोची कंबर गेली, साहेब भिजले, आता पुरे. भावोजींना नमस्कार. त्यांच्या खोकल्याला माझा नमस्कार नाही.

तुमची,
भावजय

ता. क. : वरचं खरमरीत पत्र घालू नका. त्यांनी खूळ सोडलंय. पंख माळ्यावर टाकला, रविवारी मैदानावर जात नाहीत, दुकानात माझ्यासमोर बसतात आणि माझा टाका मोजतात. काल म्हणाले, काज जरा तिरकं आलं का गं? तीन वर्षं दाबलेलं सत्य आता रोज थोडं थोडं बाहेर पडतंय, मला हे झेपणार नाही. छताचा हुक रिकामा बघून गिऱ्हाइकं मान खाली घालतात. पँटवाले गृहस्थ तर दारातूनच परत गेले. डॉक्टर डिंकाची बाटली घेऊन दोनदा पायरीवर बसून गेले, हे बाहेर आले नाहीत. तेव्हा त्यांना असं लिहा की विमान उडालंच पाहिजे, आणि हे तुमच्या मनाने लिहिलं असं वाटू द्या.

ता. क. दुसरा : मोडका पंख मी माळ्यावरून काढलाय, डॉक्टर गुपचूप त्यांच्याकडे जोडून देताहेत. कागद त्यांचा नको, अस्तर माझं जड. आता विचार करते ते तुमच्या छत्रीचं. जांभळं, हलकं, वारा न सोडणारं, आणि एवढं मोठं की जोड द्यावा लागणार नाही. ती भिजू नये म्हणून तुम्ही पावसात तिला पिशवीत घालता आणि स्वतः भिजता. वन्सं, खेळणंच आहे ते, आणि इथला नियम आहे की सगळ्यात लाडकं द्यायचं. काड्या परत पाठवते. आगगाडी अजून आमच्याकडेच आहे (डॉक्टर मागायला लाजतात, मी द्यायला विसरते), तुम्ही आलात तर एक दिवस तुम्हाला चालवायला देईन. ती बटणं टेबलाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला फार छान नेते.

ता. क. तिसरा : ह्या वेळी दुमड नाही, दुहेरी शिवण नाही, नुसतं चिकटवणार. तरीही विमान डावीकडे झुकलं, तर छत्रीच मुळात वाकडी होती असं मी सगळ्यांना सांगणार आहे, तेवढं आधी कळवून ठेवते.