आबांचे चांगले आकडे

आबा,

आज पेणच्या घरी तांदळाच्या डब्यात तुमच्या बीपीच्या गोळ्यांच्या वीस कोऱ्या पट्ट्या सापडल्या. म्हणजे मी रोह्याहून बीपी मोजायला येणार, म्हणून आधीचे चार दिवसच गोळ्या घ्यायचात! या गोळ्यांवरच्या माझ्या पदवीच्या संशोधनात सगळ्यात चांगले आकडे तुमचेच होते. आता दोन्ही किडन्या गेल्यावर डायलिसिसच्या खाटेवरून सांगता, "लेकीची परीक्षा व्हती. बाप तिला नापास करील काय?"

हसताय काय? आग होते नुसती अंगाची! बाकी शंभर पेशंटांच्या गोळ्या मी मोजून घेतल्या. तुम्हाला मात्र एकदाही "पट्टी दाखवा" म्हटलं नाही.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. मलाही तेच आकडे हवे होते.

तुमची पास झालेली,
निशिगंधा