राखणदाराची विडी

कुणकेश्वर
४ मार्च २०२४

ती. सौ. अनुजावन्स यांस,
सारिकाचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम म्हणायची रीत आहे, म्हणून म्हणते. फोनच करणार होते, पण मोबाईल सदा अनिशच्या हातात, आणि तुमचा हा भाचा आलेलं-गेलेलं सगळं आजीला वाचून दाखवतो. म्हणून हे पोस्टाचं पत्र.

आई विडी ओढतात. लिहायला संकोच वाटतो, पण खरं आहे. बाबा गेल्यापासून बागेतल्या, आपली आंब्याची बाग राखणाऱ्या देवाच्या, म्हणजे राखणदाराच्या दगडावर संध्याकाळची विडी त्याच ठेवतात. समुद्रावरून वारा असा येतो की नुसत्या काडीने पेटत नाही, तोंडात धरून झुरका मारावाच लागतो. शिवाय विडी विझेपर्यंत उठायचं नाही आणि कोणी हाक मारायची नाही, ही बाबांची शिस्त तुम्हाला ठाऊकच आहे. मला वाटायचं, तेवढंच असेल. परवा चहा घेऊन गेले, तर दगडावर एक विडी आणि आईंच्या बोटांत दुसरी. मला बघून त्यांनी ती लपवलीही नाही.

खोकला दिवाळीपासून आहे. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितलाय, तर म्हणतात हंगाम संपला की बघू. तुमचे बंधुराज ऐकून घेतात आणि पेट्या बांधायला निघून जातात. मला फार भीती वाटते, वन्स. तुम्ही रागावलात तर त्या ऐकतील.

ही बातमी कळवली म्हणून लोभ उणा होऊ नये.
तुमची सारिका

वालावल
११ मार्च २०२४

चि. सौ. सारिका हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. साठीला आलेल्या बाईला हे भिकेचे डोहाळे कुठून सुचले? बाबांचं शेवटचं वर्ष तिनेच उशाशी बसून काढलं. श्वासासाठी त्यांची कशी तडफड व्हायची, ते विसरली? घरात असून तुला इतके दिवस कळलं नाही याचाही राग आला होता. आता ओसरला.

यापुढे राखणदाराची विडी देवेश लावेल. त्याला फोनवर बजावलंय की बाबांचा मुलगा तू, मान तुझा. आईच्या हाती काडेपेटी देऊ नकोस. आणि तिला एकदा विचार, हे कशासाठी? मी विचारलं की ती माझ्या सासूबाईंची तब्येत विचारते आणि फोन ठेवते.

तुझ्यावर लोभ आहेच, सध्या जरा तिखट.
अनुजा

कुणकेश्वर
२ एप्रिल २०२४

ती. सौ. अनुजावन्स यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या बोलण्याने काम झालं. हे वेळेवर येऊन विडी लावतात. आईंनी काडेपेटी स्वतःहून माझ्याकडे दिली.

तुम्ही सांगितलंत म्हणून मी विचारलं. त्या आंबे पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, बापये विडी वडूक बसले काय तेंका कोण उठवणा नाय. बायलमाणूस नुसता बसला तर आळशी. राखणदाराची विडी विझासर माका कोण साद घालणा नाय, म्हणान थंय बसूक लागलंय. मगे एक विडी लवकर विझूक लागली.

मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. आता संध्याकाळी त्या गड्यांच्या भाकऱ्या थापतात. खोकला तसाच आहे, बोलणं मात्र कमी झालंय.

उत्तराची वाट बघते, लोभही तोच असू द्या.
सारिका

वालावल
९ एप्रिल २०२४

चि. सौ. सारिका हिस,
अ. उ. आ.

आईचं ते वाक्य मी रडत रडत वाचलं. तिला ताबडतोब माझ्याकडे पाठव. छातीचा फोटो कुडाळला काढू, आणि रोज देवळाच्या तळ्याकाठी मी तिला नुसतं बसवीन. बाग तू आणि देवेश सांभाळा. तू तरणी आहेस, तुला काय जड आहे?

अनिशला पापा, तुला माया.
अनुजा

कुणकेश्वर
२ मे २०२४

ती. सौ. अनुजावन्स यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आईंच्या छातीच्या फोटोत काळजीचं काही नाही हे वाचून देवासमोर साखर ठेवली. त्या तळ्याकाठी तासन् तास बसतात, हे वाचून बरं वाटलं. खरं सांगू, थोडा हेवाही वाटला.

इथे हंगाम ऐन भरात आहे. आईंची कामं आता माझ्याकडे आहेत. गड्यांचं जेवण, आंबे निवडणं, पेट्यांत गवत भरणं. अनिशला सुट्टी, तो दिवसभर हाका मारतो. हे देवगडहून उशिरा येतात, म्हणून विडी आठ-दहा दिवस मीच लावते. तेवढं बसायला मिळतं. तेव्हा अनिशसुद्धा हाक मारत नाही, आजीने त्याला तसं शिकवलंय.

पहिल्या दिवशी ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं. काल ठसका लागला नाही.

दुसरी अजून पेटवलेली नाही, वन्स. पण एक विडी लवकर विझते, हे आईंचं म्हणणं खरं आहे. आईंना यातलं काही सांगू नका. आणि या वेळी रागवायला पत्र पाठवू नका.

लोभ असावा, पण त्याआधी तुम्ही यावं.
सारिका