जास्वंदीवरचं घरटं

डिलाईल रोड,
मे १९५६

अहो शालूचे बाबा,

संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुम्हाला पकडून नेलं, तेव्हा चाळीमागची जास्वंद वाळायला आली होती. आता तिच्यावर फुलं मावत नाहीत. मधमाश्या सकाळपासून गुणगुणतात. तुमच्या लिंबावर अळ्यांनी ताव मारलाय. काढायला गेले तर शालू आडवी येते. म्हणते, "आई, त्यांची फुलपाखरं होणारेत."

खरी मजा शिंपी पाखराची. अंगठ्याएवढा जीव, पण ओरडून अख्खी चाळ उठवतो! मादीने जास्वंदीची दोन पानं शिवून घरटं केलं. दोरा कुठला, सांगू? दांडीवरच्या तुमच्या सदऱ्याचा. धुवायची गरज नसते, तरी तो मी धुते. आधी तिला हुसकावलं, मग मीच कॉलरचे धागे उसवून ठेवले. आता पिल्लं झालीत. बाप सारखा चोचीत किडा घेऊन घरी येतो.

शेजारचे बुधाजीभावजी माफी लिहून देऊन तुरुंगातून सुटले. चाळीत त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मी चहा नेऊन दिला. मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, घरचं पत्र आलं आणि मी ढिला पडलो."

म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही. तुम्हाला कार्डावर एवढंच लिहिते: ऊन फार आहे, जास्वंद वाळली, इथे बघण्यासारखं काही नाही.

मुळीच वाट न बघणारी,
सुभद्रा