युगांडाची लस

हर्नडन, रविवार

ती. अक्का, तुला लांबूनच वाकून नमस्कार.

युगांडाला जायची लस इथे तीनशे डॉलरला पडते. मला ती न घेताच महाग पडली.

तिकडे सहलीला निघालेल्या मराठी मंडळाच्या बारा जणांची तयारी मीच करून घेतली. हिवतापाच्या गोळ्या आणवल्या. निळ्या रंगावर तिकडच्या माश्या येतात, म्हणून तुझ्या भावजयीचे निळे कपडेही बॅगेतून काढायला लावले. "माझ्याशिवाय तुम्ही विमानतळसुद्धा गाठणार नाही," असं सगळ्यांना ऐकवत होतो.

स्वतःची लस तेवढी शेवटी ठेवली. डॉक्टर म्हणाले, संधिवाताचं हे औषध चालू असताना ती देता येत नाही, आणि लशीशिवाय तिकडे प्रवेश नाही. औषध साधंच आहे, काळजी करू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

निरोपाच्या जेवणाला स्वयंपाकघरात मंडळातला शिरगोपीकर हळूच म्हणाला, "सुटलो यार, हेडमास्तर येत नाहीत!" माझे कान तुला माहीतच आहेत. त्यावर सगळ्यात मोठ्याने हसली ती तुझी भावजय. घरी येऊन तिने निळे कपडे परत भरले.

आज मंडळी विमानतळावर तासभर आधीच पोचली.

तुझा,
दिगू