मितिलिनी क्लबचं कुंपण

पर्थ,
२४ मार्च १९७६

ती. मिर्सिनीताईस,
स्ट्रातिसचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून आधी शिव्या घालून घे, मग पुढे वाच. मी थांबतो.

झाल्या? तर मी आता पर्थला आहे. काल नदीवर काळे राजहंस बघत बसलो आणि मिस्टर हॅलोरनसाहेबांना आणायचं विसरलो. ते मैदानाच्या फाटकाशी बॅग घेऊन तासभर उभे होते. रागावले नाहीत. रागावण्याइतकं त्यांच्यात आता काही शिल्लकच नाही. महिनाभर आम्ही हेच करतोय: विमान, हॉटेल, मैदान, थंड मटण, परत विमान. साहेब मैदानं तपासतात, मी बॅगा उचलतो, टॅक्सी बोलावतो आणि तारखा ठरवतो. उसाच्या तोडणीपेक्षा बरं, असं वाटलं होतं. तोडणीत निदान रात्री झोप लागायची.

अख्ख्या देशाची एक सॉकर लीग, धंदेवाईक, पुढच्या वर्षीपासून! सिडनीच्या ऑफिसात भिंतीएवढा नकाशा लावलाय आणि त्यावर टाचण्या. पर्थची टाचणी मात्र निघणार. इथले लोक काय सुंदर बोलले, केक खायला घातला, आणि साहेब मान डोलवत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले की सेंटर फॉरवर्ड रविवारी इथे खेळून सोमवारी सकाळी सिडनीत मोटारीच्या कारखान्यात कसा पोचणार, ते मला सांग. धंदेवाईक म्हणायचं, पण पोटाचा धंदा प्रत्येकाचा दुसराच.

ते असो. खरी बातमी ही. अ‍ॅडलेडला दोन जागा आहेत. एक गेली. दुसऱ्या जागेसाठी बाबांचा मितिलिनी क्लब यादीत आहे! माझ्या वशिल्याने नाही, वशिला असता तर मी बॅगा उचलल्या असत्या का? अटी दोन. एक, मैदानाभोवती कमरेएवढं मजबूत लाकडी कुंपण, सगळ्या बाजूंनी. लोक मैदानात घुसतात म्हणून. (इग्नातिसकाका छत्री घेऊन लाइन्समनच्या मागे धावले होते, ते सिडनीपर्यंत पोचलंय.) दुसरी, क्लबचं नाव परक्या गावाचं नको, म्हणजे ग्रीसमधलं आपलं मितिलिनी पुसायचं. ही बाबांना तू सांग. मी घर सोडल्यापासून चार वर्षं ते मला पत्र लिहीत नाहीत, त्यात ही भर नको.

तपासणीची तारीख मीच लावली आहे, जितकी लांब लावता आली तितकी. ईस्टर होऊन जाऊ दे म्हटलं. शुक्रवार, २३ एप्रिल, दुपारी दोन.

लोभ आहे तेवढा ठेव, जास्तीचा मागायला तोंड नाही.
तुझा,
स्ट्रातिस

अ‍ॅडलेड,
१ एप्रिल १९७६

चि. स्ट्रातिस यास,
अ. उ. आ.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. मी वाचत कुंपणापर्यंत आले तेव्हा ते उठून उभे राहिले. तुला माहीत आहे, जहाजातून उतरल्यावर त्यांनी आधी नोकरी नाही शोधली, आधी अकरा माणसं शोधली. सिडनीचा संघ आपल्या मैदानावर येईल आणि आपण त्यांना हरवू, हे वीस वर्षं जेवताना ऐकतेय मी. त्या दिवशी दोनदा जेवले.

नावाचं ऐकून मात्र खाली बसले. संध्याकाळी क्लबात सभा झाली. प्रोकोपिस म्हणाला की नाव बदलायचं तर आधी माझ्या आईचंही बदला. इग्नातिसकाका म्हणाले की सिडनीवाल्यांना मितिलिनी उच्चारता येत नाही म्हणून हे सगळं चाललंय. बाबा म्हणाले, आधी कुंपण होऊ दे, नावाचं मग बघू. त्यावर सगळे घरी गेले.

आता तुझं बघते. गाढवा, २३ एप्रिल कोणता दिवस आहे? सिडनीवाल्यांचा ईस्टर त्यांचा त्यांना लखलाभ. आपला ग्रीकांचा यंदा त्यानंतर आठवड्याने येतो, बहुतेक वर्षी तो वेगळाच असतो, आणि २३ तारखेला आपला मोठा शुक्रवार आहे. आई असती तर तुझा कान तिच्या हातात राहिला असता. त्या दिवशी क्रुसावरून देवाला उतरवतात, त्या दिवशी आपल्यात कुणी खिळा ठोकत नाही, कुणी सुई धरत नाही. शर्टांच्या फॅक्टरीत दरवर्षी त्या दिवशी माझं पोट दुखतं, आता आमच्या बाईंना ते पाठ झालंय. एकाच देशात एकच देव दोन वेगळ्या शुक्रवारी मरतो, आणि तुम्ही निघालात सगळ्या देशाचं एक वेळापत्रक करायला!

तारीख बदलून घे. बाबांनी स्वतः सांगितलंय, म्हणजे भिंतीकडे बघून सांगितलं, पण तुझ्यासाठीच होतं.

जेवत जा. मोजे धुवत जा. तुझ्यावर जीव आहेच, त्याची परीक्षा घेऊ नकोस.
तुझी,
मिर्सिनी

सिडनी,
८ एप्रिल १९७६

ती. मिर्सिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. दोनदा विचारलं. साहेबांनी तिकिटांचा गठ्ठाच पुढे ठेवला. गुरुवारी मेलबर्न, शुक्रवारी अ‍ॅडलेड, शनिवारी ब्रिस्बेन, आणि मंगळवारी समिती बसून नावं पक्की करणार. ज्याची तपासणी नाही, त्याची टाचणी नाही. दुसऱ्या जागेसाठी रांगेत अजून दोघं आहेत, त्यातल्या एकाचं कुंपण विटांचं आहे. साहेब वाईट माणूस नाहीत. म्हणाले की आमचा शुक्रवार आधीच्या आठवड्यात आहे, त्या दिवशी बोलावलंस तर मीही येणार नाही. मग चष्मा काढून डोळे चोळत बसले. त्यांच्या मुलीने त्यांना विचारलं म्हणे, की तुम्ही आमच्या घरी राहता की विमानात.

खरं सांगू का, चूक माझीच. ऑफिसात विमा कंपनीचं कॅलेंडर आहे, त्यात १८ तारखेला ईस्टर छापलेला, वर एक पिवळं कोंबडीचं पिल्लू. मी बघितलं आणि खूष झालो. माझ्या आईबापाचा देव कधी मरतो, ते मी विम्याच्या पिल्लाला विचारलं.

आता एकच करा. कुंपण गुरुवारपर्यंत संपवा. शुक्रवारी फक्त फाटक उघडायचंय, खिळ्याचा प्रश्नच नको. एवढं तर होईल ना? मी इथून काय करू शकतो, बॅगाच उचलू शकतो. दमलोय ताई. परवा एका हॉटेलात जाग आली तर शहर कुठलं ते आठवेना. खिडकीतून बघितलं, तरी आठवेना.

मायेत खंड पडू देऊ नकोस, बाकी सगळ्यात पडतोच आहे.
तुझा,
स्ट्रातिस

अ‍ॅडलेड,
२० एप्रिल १९७६

चि. स्ट्रातिस यास,
अ. उ. आ.

हे मेलबर्नच्या हॉटेलवर टाकते आहे, निघण्यापूर्वी हाती पडो.

तीन बाजू झाल्या. टेकडीच्या अंगाची चौथी राहिली आहे. लाकूडच संपलं. आणि वखार शुक्रवारपासून कालपर्यंत बंद, का तर त्यांचा ईस्टर! त्यांच्या शुक्रवारी लाकूड मिळत नाही, आपल्या शुक्रवारी खिळा ठोकायचा नाही. मधल्या दिवसांत जेवढं होईल तेवढं. लाकूड आज दुपारी आलं. सगळे शिफ्ट संपवून थेट मैदानावर येतात, डबा तिथेच, आणि उपवासाचं ते काय खाणार, ऑलिव्ह आणि पाव. प्रोकोपिस काल खांबाला टेकून उभ्याउभ्या झोपला. बाबा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत हे त्यांना कुणी सांगत नाही आणि मी सांगितलं तर ऐकत नाहीत.

उद्याची संध्याकाळ हातात आहे. परवा संध्याकाळी बारा पाठांची प्रार्थना, त्या वेळी हातोडा चालणार नाही. होईल असं इग्नातिसकाका म्हणतात.

शुक्रवारी मी मैदानावर नसेन. आम्ही बायका देवाची पालखी फुलांनी सजवायला देवळात. तू आलास की आधी घरी ये. मसूर करून ठेवते. बाबांशी काय बोलायचं याचा विचार करू नकोस, नुसता येऊन बस.

जीव लावून वाट बघणारी,
मिर्सिनी

ब्रिस्बेन,
रविवार, २५ एप्रिल १९७६

ती. मिर्सिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

आज सणाचा दिवस. ख्रिस्त उठला, असं तुला लिहायला हवं. लिहिलं असं समज. मसूर वाया गेला असेल. मी का आलो नाही ते तुला एव्हाना कळलंच असेल, पण माझ्याकडूनही ऐक.

साहेब विमानतळावर काहीतरी खायला थांबले, मी पुढे आलो. बुधवारी पाऊस लागला हे मला काय माहीत. चौथ्या बाजूला खांब उभे आणि कोपऱ्याकडच्या भागाला एकही फळी नाही. फळ्या गवतात पडलेल्या, हातोडे पेटीत, पेटी उघडी. आणि आपले सगळे लोक काळे कोट घालून, हात पाठीमागे बांधून रांगेत. एखाद्या मयताला आल्यासारखे. म्हणजे आलेच होते म्हणा.

मी म्हटलं दोरीने बांधू. प्रोकोपिस धावत जाऊन फोटिस पाद्र्यांना विचारून आला, दोरीला त्यांची हरकत नव्हती. बांधली. इग्नातिसकाका टेकले आणि फळीसकट पलीकडे गेले. कुणी हसलं नाही. मी म्हटलं, मग ठोकूया की, चार खिळ्यांनी काय होतंय. तेव्हा इग्नातिसकाका गवतातून उठता उठता, अगदी हळू, म्हणाले की तिकडे देवळात या घटकेला त्याच्या हातापायांतले खिळे काढतायत आणि इकडे आपण ठोकायचे का रे पोरा.

ताई, मी कोट काढला आणि हातोडा घेतला.

कुणी अडवलं नाही. कुणी फळीही धरली नाही. एका हाताने धरायची, गुडघा लावायचा आणि ठोकायचं. त्या माळावर दुसरा कसलाही आवाज नव्हता. प्रत्येक घाव समोरच्या गोदामावर आपटून परत यायचा, म्हणून प्रत्येक खिळा दोनदा ठोकल्यासारखा वाटत होता. बाकीचे एक एक करून पाठ वळवून उभे राहिले. बाबा मात्र वळले नाहीत. शेवटपर्यंत बघत होते. त्यांनी शिवी दिली असती तर मी थांबलो असतो, शप्पथ.

साहेब आले. कुंपण चारही बाजूंनी हलवून बघितलं. माझ्या शर्टाकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. बाबांना एवढंच विचारलं की अध्यक्ष म्हणून तुम्ही सही करता का, की कुंपण पूर्ण आहे. बाबा इतका वेळ नव्या फळ्यांकडे बघत राहिले की साहेबांनी पेनाचं टोपण परत लावलं. मग बाबांनी हात पुढे केला, सही केली, टोपी घातली आणि देवळाकडे चालू लागले. मला ओलांडून गेले.

मग मी घरी कसा येऊ? संध्याकाळच्या विमानाने इथे आलो. इथलं मैदान छान आहे. इथे सगळं छान आहे. झोप येत नाही.

रागावलीस तरी माझी राहा.
तुझा,
स्ट्रातिस

अ‍ॅडलेड,
७ जून १९७६

चि. स्ट्रातिस यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मी स्वतः लिहितो आहे. मिर्सिनी बाजूला बसून शुद्धलेखन सांगते, मी ऐकत नाही.

समितीचं कळलं. जागा आपल्याला मिळाली. नावाची सभा गेल्या गुरुवारी झाली. आता क्लबचं नाव वेस्ट पोर्ट. कुणाच्या आईचं नाही, बापाचं नाही. बदलाच्या बाजूने पहिला हात मी वर केला, कारण दुसरं कुणी करेना आणि पोरांना सिडनीशी खेळायचं आहे. मग अध्यक्षपद सोडलं. पुढच्या वर्षी मोठे साहेब येतील, त्यांच्याशी इंग्रजीत हसावं लागेल. ते तरुणांनी करावं.

आता शुक्रवारचं. तुझ्या साहेबांनी विचारलं, कुंपण पूर्ण आहे का. पूर्ण होतं. कुणी ठोकलं आणि कधी, ते त्यांनी विचारलं नाही. मी खोटी सही केलेली नाही. पण मला ती जागा हवी होती, म्हणून मी तुला थांबवलं नाही. ओरडायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं. म्हणजे हातोडा तुझ्या हातात होता एवढंच. फोटिस पाद्र्यांना हे सांगितलं. त्यांनी मला ऑगस्टच्या सणापर्यंत प्रसाद बंद केला. तुझंही विचारलं. म्हणाले, तो इथे असता तर त्यालाही दिली असती शिक्षा. मी म्हटलं, त्याचीही माझ्याकडेच द्या, तो देवळात फिरकत नाही, त्याला कळायचं पण नाही. ते हसले आणि दिली. तेव्हा तो हिशोब मिटला. पुन्हा काढायचा नाही.

दुसरं असं. मितिलिनी हे नाव मोठ्या लीगला नको होतं, पण रविवारच्या सगळ्यात खालच्या स्पर्धेत कुणाची ना नाही. आम्ही म्हाताऱ्यांनी ते तिथे नोंदवलं. इग्नातिस मधे खेळतो, म्हणजे मधे उभा असतो. प्रोकोपिसला पळता येतं, पण दिशा कळत नाही. गोलात मी. मैदानाला कुंपण नाही, गाई येतात. पहिला सामना पोस्टातल्या पोरांनी नऊ-शून्यने जिंकला आणि नंतर आम्हाला चहा पाजला. गुडघे अजून सुजलेले आहेत. वीस वर्षांत असा दमलो नव्हतो आणि असा झोपलोही नव्हतो.

डाव्या बाजूला कुणी नाही. पोस्टातली पोरं तिकडूनच आत येतात. तू डाव्या पायाचा आहेस हे क्लबात सगळ्यांना आठवतं, सभेत विषय निघाला तेव्हा कुणी पाठ वळवली नाही. रविवारी दहा वाजता सामना आहे. शनिवारी जेवायला ये, बूट नसतील तर माझे जुने आहेत.

बापाचा लोभ आहे. लिहिता येत नाही तेवढा आहे.
पांदेलिस